ढोलासाठी बरी झालेली पाठ

परवा संध्याकाळी कुकरची शिट्टी आणि नदीकडून आलेली ताशाची तर्री एकदमच ऐकू आली. गॅस बंद करायला गेले आणि तशीच ओट्याशी उभी राहिले. आषाढ सरत आला की कर्वेनगरात हे ठरलेलंच. नदीकाठच्या मोकळ्या जागांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहतात, गणपतीसाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निषेधाचे खलिते पडायला लागतात. 'ज्यांना ढोलाची हौस आहे त्यांनी तो स्वतःच्या बेडरूममध्ये वाजवावा,' असं खालच्या मजल्यावरच्या काकांनी यंदाही लिहिलं. मी पथकात आहे हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी त्यांच्या मेसेजला अंगठा दाखवला आणि वरणाला फोडणी घातली.

पण फोडणी घालताना हात ठेका धरून होता. ओल्या मातीचा, ढोलाच्या दोरीचा, घामाने भिजलेल्या सुती पट्ट्याचा असा एक मिळून वास असतो. तो मला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात येऊ लागला. दरवर्षी येतो. आणि त्याच्या पाठोपाठ तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा येतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

चाळिशी उलटल्यावर मी ढोल हातात घेतला. बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या जुळवायच्या, घरी येऊन कणीक मळायची, यात आयुष्य बरं चाललं होतं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि संध्याकाळी एकदम रिकाम्या झाल्या. समोरच्या इमारतीतली मेघना म्हणाली, "चल गं, बघून तर येऊ." बघायला गेलो आणि अडकलो. पहिल्या दिवशी टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, हातात आलं, उजव्या हाताने ढोलाच्या पानावर पहिला टोला बसला, आणि छातीच्या पिंजऱ्यात जे काही घुमलं ते मला आजतागायत कुणाला नीट सांगता आलेलं नाही. मी त्या दिवशी घरी येऊन रडले होते. आनंदाने. नवऱ्याने, अविनाशने, घाबरून पाणी आणून दिलं.

पथकात एक वेडेपणा सर्रास चालतो. बोटं सोलवटली, कमरेवर पट्ट्याचे काळेनिळे वळ उठले, की लोक ते कौतुकाने एकमेकांना दाखवतात. "बघ, माझे बघ!" दुखतंय असं कुणी म्हणत नाही. दुखणं म्हणजे नवखेपणा. ढोल कमरेला बांधायचा, पोट पुढे काढायचं, पाठ मागे झुकवायची आणि हाणायचं. फोटोत ते फार झोकदार दिसतं. मीही तशीच वाजवायचे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना 'आई गं' व्हायचं, तर मी ते ऑफिसात मिरवायचे. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

मग त्या वर्षीच्या वैशाखात, ऐन उन्हाळ्यात, मोरीत पाण्याची बादली उचलायला वाकले आणि उठलेच नाही. बादली अर्धीच भरलेली होती. कमरेत काहीतरी चटकन झालं आणि मी ओल्या फरशीवर गुडघे टेकून, एक हात नळावर, अशी राहिले. अविनाश दारातून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने मला उचलायचा प्रयत्न केला आणि मी ओरडले. शेवटी तो माझ्या शेजारी फरशीवर बसला, लेंगा भिजला तरी बसला, आणि माझा श्वास खाली येईपर्यंत माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की माणूस वाईट आहे.

पण तेव्हा राग आला होता तो पाठीचा. इतकी वर्षं जिला गृहीत धरलं, जिच्याकडे आरशातसुद्धा कधी वळून पाहिलं नाही, तिने अर्ध्या बादलीसाठी माझा घात करावा? गोळ्या झाल्या, पट्टा झाला, गरम पिशवी झाली. तपासण्यांत फारसं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. पडून पडून पाठ फळकूट झाली. बहीण फोनवर म्हणाली, आता ते ढोलाचं खूळ सोड. नात्यातल्या एकूण एक बाईने आपापल्या कंबरेची हकिगत सांगितली. आपल्याकडे कंबरदुखी झालेल्या बाईचं बायका फार मनापासून स्वागत करतात.

नारायण पेठेत एका अरुंद जिन्याच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, केतकी मॅडमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. अविनाशनेच शोधून काढलं, तोच घेऊन गेला. कसलीही यंत्रं नाहीत, दिवे नाहीत. एक सतरंजी, दोन खुर्च्या, काठ्या, वाळूच्या पिशव्या. मॅडम माझ्याहून लहान, केस बांधलेले, चेहऱ्यावर हसू कमीच. कुठे दुखतंय हे त्यांनी विचारलं, पण नंतर. आधी विचारलं, "बरं कशासाठी व्हायचंय तुम्हाला?"

मला प्रश्नच कळला नाही. बरं व्हायचंय ते बरं व्हायला. त्या म्हणाल्या, "तसं नाही. शरीराला नुसतं 'बरं हो' सांगून समजत नाही. काय करायचंय तेवढं सांगा, मग त्या हालचालीपर्यंत आपण पायरीपायरीने जाऊ. कुणाला नातवाला उचलायचं असतं, कुणाला गड चढायचा असतो."

मी अविनाशकडे पाहिलं. मग म्हणाले, "ढोल वाजवायचाय. विसर्जनाला. लक्ष्मी रस्त्यावर, आमच्या रांगेत."

अविनाशने मान डोलावली. मी त्याला मान डोलावताना पाहिलं आहे.

मग मॅडमनी मला खुर्चीतून उठायला सांगितलं. परत बसायला सांगितलं. जमिनीवरची पिशवी उचलायला, एका पायावर उभं राहायला, मागे वळून बघायला. बराच वेळ नुसतं बघतच होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचे खुबे हलतच नाहीत. त्यांचं काम पाठ करतेय. ऑफिसात असतं ना एखादं, सगळ्यांचं काम ओढणारं? ते आजारी पडलं की लोक म्हणतात, याचीच तब्येत नाजूक." बँकेत ती मीच होते. मी हसले तर कमरेत कळ आली.

त्यांनी मला वाकायला शिकवलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी! पाठ न वाकवता खुब्यातून वाकायचं, जसं हातात पिशव्या असताना कुल्ल्याने दार ढकलतो तसं. डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला एक काठी टेकवायची आणि वाकताना ती तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. घरी ही काठी धरायचं काम अविनाशचं. पडद्याचा जुना दांडा होता आमच्याकडे, तो घ्यायचा. पहाटेचा चहा झाला की तो माझ्या मागे उभा राहायचा आणि दांडा पाठीला लावायचा. "सुटली, सुटली. खालून सुटली. हां, आता बरोबर." बाहेर पावसाची झड, खिडकीच्या गजांवर पागोळ्या, चहाचे कप तसेच, आणि दिवाणखान्यात आम्ही दोघं असे. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर नवराबायको इतकी जवळ कुठे येतात! दात घासताना मी एका पायावर उभी राहायचे आणि तो दुसऱ्या बेसिनपाशी उगाच माझी नक्कल करत डुलायचा. मला त्या पावसाळ्यात त्याच्यावर नव्याने प्रेम बसलं होतं. हे सांगायला आता लाज वाटते, पण खरं आहे.

हळूहळू जमत गेलं. रिकाम्या हाताने वाकणं, मग उशी घेऊन, मग पिठाचा डबा घेऊन. जमिनीवर बसून हात न टेकता उठणं. बरगड्या फुगवून श्वास घेणं. मध्येच एकदा पाठ पुन्हा आवळली आणि मी क्लिनिकमध्ये हातपाय गाळून बसले. म्हटलं, "हिच्यावर माझा विश्वासच उरला नाही. कधी दगा देईल सांगता येत नाही."

केतकी मॅडम म्हणाल्या, "दगा नाही देत हो ती. घाबरलीये. एकदा इजा झाली की आजूबाजूचे स्नायू आवळून राखणीला बसतात. इजा भरून येते, पण राखणदार उठत नाहीत. त्यांना वाटतं अजून धोका आहे. त्यांना ओरडून उपयोग नाही. हळूहळू दाखवायचं, की बघ, हलले आणि काही झालं नाही."

त्या दिवशी मी पाठीवरचा राग सोडला.

श्रावणात मॅडमनी ढोल घेऊन यायला सांगितलं. अविनाशने तो त्या अरुंद जिन्यावरून वर चढवला. तळमजल्यावरचे आजोबा दारातच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "आता पेशंटला वाजवून बरं करतात का?" मॅडमनी ढोल माझ्या कमरेला बांधला, थोडा वर, पोटाशी घट्ट. गुडघे सैल, पोट आत, वजन पाठीवर नाही, दोन्ही पायांवर. "आता वाजवा. हळू." मी वाजवलं. मग थोडं जोरात. खालून आजोबांनी काहीतरी आपटलं. मी वाजवत राहिले. दुखलं नाही! पाठ तिथेच होती, तिच्या जागी, आणि दुखत नव्हती. मॅडम पहिल्यांदा मोकळं हसल्या. म्हणाल्या, "जा. मधे मधे ढोल उतरवून ठेवा, विश्रांती घ्या, पण जा."

मी अविनाशकडे पाहिलं. तो खाली वाकून ढोलाच्या पिशवीची घडी घालत होता.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी सरावाला गेले. कुणाला सांगितलं नव्हतं, गंमत करायची होती. चिखलातून वाट काढत गेले, लांबूनच टांगलेल्या धातूच्या टोलाचा तो घणघणता नाद ऐकला आणि चालता चालता पायांनी ठेका धरला. आमच्या पथकात ढोल एकट्याने बांधत नाहीत. पट्ट्याची गाठ मागे येते, ती शेजारच्याने मारायची असा रिवाज. माझी गाठ मेघना मारायची, तिची मी. मी तिच्यापुढे पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, "बांध गं."

तिने बांधला नाही. पट्टा तिच्या हातात तसाच राहिला. ती म्हणाली, "तू आधी सौरभदादाशी बोल ना."

सौरभदादा पथकप्रमुख. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण पथकात जो प्रमुख तो दादा. तो टोलाजवळ उभा होता. मला बघून आधी हसला, मग त्याचं हसू आटलं.

"ताई, यंदा तुम्ही दोर धरा ना."

मिरवणुकीत पथकाभोवती दोर धरून माणसं चालतात, गर्दी आत येऊ नये म्हणून. लागतातच ती माणसं. पण मी दोर धरायला बरी झाले नव्हते. म्हटलं, "अरे, मी फिट आहे. फिजिओने स्वतः ढोल बांधून वाजवून घेतलाय."

"हो ताई, पण रांगा लागल्यात आता. तुमच्या जागी दुसरी मुलगी बसवली."

"जागा ठेवतो म्हणाला होतास. फोनवर."

तो चुळबुळला. खोटं बोलायची त्याला सवय नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. मेघनाकडे बघत म्हणाला, "अहो ताई, अविनाश सरांनीच सांगितलं ना. माझ्या घरी आले होते. जूनमध्येच. म्हणाले, ती येईल, तयारही होईल, पण काहीतरी कारण काढून थांबवा. आणि मी सांगितलंय असं कळू देऊ नका. आता तुम्हाला काही झालं तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

जूनमध्ये. म्हणजे मी अजून उशी घेऊन वाकत होते तेव्हाच. म्हणजे त्यानंतरची प्रत्येक सकाळ, प्रत्येक "हां, आता बरोबर", हे सगळं त्याने आधीच मोडून ठेवलेलं होतं. मी मेघनाला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "काळजीपोटी करत होता गं तो." काळजी! या शब्दापुढे बाईने बोलायचंच नसतं.

घरी आले तेव्हा अविनाश शेंगा सोलत बसला होता. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. त्याने नाकारलं नाही, एवढं मात्र खरं.

"मी तुला त्या मोरीत पाहिलंय," तो म्हणाला. "तू स्वतःला पाहिलं नाहीस. मी पाहिलंय."

"मग मला सांगायचंस. तोंडावर. भांडलो असतो."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! म्हणून पाठीमागे जाऊन कारस्थान करायचं? आणि रोज सकाळी दांडा धरून कशाला उभा राहायचास मग?"

"तू बरी व्हावीस म्हणून."

"कशासाठी बरी? त्या बाईने विचारलं तेव्हा तू शेजारीच बसला होतास."

त्याने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. आणि मला सगळं लख्ख दिसलं. बादली उचलता यावी, बँकेत जाता यावं, पोळ्या लाटता याव्यात, सणाला चार माणसांचं करता यावं, एवढी बरी मी त्याला हवी होते. तेवढ्यासाठी तो पडद्याचा दांडा हातात घेऊन उभा होता. त्यापुढची जी मी होते, लक्ष्मी रस्त्यावरची, तिच्यासाठी त्याने दार आधीच लावून घेतलं होतं.

तो शेवटी म्हणाला, "पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन." हे निदान त्याने तोंडावर सांगितलं.

मी पुष्कळदा स्वतःला समजावते. घाबरला होता. त्या आवळून बसलेल्या स्नायूंसारखाच, धोका टळला तरी राखणीला बसून राहिला. मॅडमचं ते वाक्य मी त्याला कितीतरी वेळा लावून पाहिलं. लागत नाही. स्नायू कुणाच्या घरी जाऊन कानात सांगत नाहीत. स्नायू आवळतात ते उघड आवळतात, मला कळेल असे. पाठीने माझ्याशी कधी गोड बोलून काही लपवलं नाही. तिला मी माफ केलं, त्यात काही विशेष नव्हतं.

त्या वर्षी विसर्जनाला मी दोर धरला. गेले नसते तर जास्त शहाणपणाचं ठरलं असतं, पण घरी बसवेना. दोर धरणाऱ्याने वादकांकडे पाठ करायची असते आणि गर्दीकडे तोंड. मागे आमचं पथक वाजत होतं, मान वळवून पाहिलं तर माझ्या जागेवर ती नवी मुलगी पाठ मागे झुकवून, पोट पुढे काढून, झोकात हाणत होती. तिला सांगावंसं वाटलं, बाळा, गुडघे सैल सोड. सांगता येईना, एवढा आवाज होता. ढोलांचा सगळा मारा माझ्या पाठीवर येत होता, त्या बऱ्या झालेल्या, सरळ, कुठेही न दुखणाऱ्या पाठीवर. गर्दीतल्या एका बाईने माझ्याकडे बघून हात जोडले. तिला वाटलं असावं, भक्तीने डोळ्यांत पाणी आलंय.

पुढच्या वर्षी मी सौरभदादाला सांगितलं, "माझ्याबद्दल जे काही विचारायचं ते मला विचारायचं." त्याने कान पकडले. तेव्हापासून वाजवते. मेघनाशी बोलते, ढोल मात्र दुसऱ्याच कुणाकडून बांधून घेते. अविनाश बदलला आहे, हेही लिहायला हवं. आता तोच गाडीच्या डिकीत ढोल ठेवतो, सरावाला सोडतो, न्यायला येतो. विसर्जनाला फूटपाथवर तासन् तास उभा राहतो, व्हिडिओ काढतो, माझ्या बहिणीला पाठवतो. मी मिरवणुकीत त्याच्यासमोरून जाते तेव्हा तो दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवतो. लोकांना आम्ही फार छान वाटतो. मीही त्याच्याकडे बघून हसते. मनापासून हसते की नाही, ते माझं मलाच कळत नाही.

काल सरावात पाठीत डाव्या बाजूला एक लहानशी चमक आली. मोठं काही नव्हतं. हल्ली मला त्यातला फरक कळतो. ढोल उतरवला, रांगेबाहेर जाऊन उभी राहिले, श्वास घेतला, खुबे हलवले. थोडं निवळलं, थोडं राहिलं. आज मॅडमना फोन करून वेळ घेतली आहे. काल गाडीत बसताना मी दार जरा जपून ओढलं असेन, कारण अविनाशने गाडी सुरू न करताच माझ्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं.

"दुखतंय का गं?" त्याने विचारलं.

"छे. अजिबात नाही," मी म्हणाले.

त्याने विश्वास ठेवला आणि गाडी सुरू केली.